अडतीस बरण्या शंख

टेमघर, भिवंडी
१२ जून २०२३

चि. यामिनी,

आशीर्वाद पत्राच्या शेवटी देईन, लिहून झाल्यावर उरले तर.

रविवारच्या पुरवणीत तुझा लेख वाचला. 'उत्क्रांती उड्या मारत येते' म्हणे! सोबत फोटोही आहे, हातात कसलासा दगड घेऊन हसतेस. तुझ्या काकूने तो कापून फ्रिजवर लावला. मी म्हटलं, सुनीती, फोटो ठेव, पण लेख रद्दीत घाल.

एकतीस वर्षं मी भिवंडीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवलं. निसर्ग मुंगीच्या पावलांनी चालतो, हे शिकवलं. एका पिढीत केसाएवढा फरक, पुढच्या पिढीत आणखी केसाएवढा, आणि लाखो वर्षांनी माशाचा बेडूक. तू माझी सख्खी पुतणी, दहावीला माझ्याच समोर बसलीस. आणि आता सांगतेस काय, तर प्राणी लाखो वर्षं ढिम्म बसून राहतात आणि मग घाईघाईने बदलतात. अगं, हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पुस्तक उघडणाऱ्यांचा सिद्धांत आहे. तरुणांना आवडणारच.

आमच्या भिंतीपलीकडे दिवसभर लूम खडखडतात. कापड धाग्याधाग्याने वाढतं. हातभर कापड एकदम उडी मारून बाहेर पडलेलं मी तरी पाहिलं नाही.

पुरावा हवा ना? माझ्याकडे आहे. वज्रेश्वरीला गरम कुंडाचं पाणी जिथे ओढ्याला मिळतं, तिथले गोगलगायींचे रिकामे शंख. १९८६ पासून दर चैत्रात शंभर, एक साल चुकलेलं नाही. २०१४ पर्यंतच्या एकेका शंखाची रुंदी मी स्वतः मोजलीय. रेघ काढली तर सावकाश वर चढत जाते, कुठे धक्का नाही की खड्डा नाही. पुढे मोतीबिंदू आला आणि नऊ बरण्या मोजायच्या राहिल्या. पण त्या तरी वेगळं काय सांगणार?

उत्तर कागदावर लिही. फोनवर तू 'नेटवर्क नाही' म्हणून पळतेस.

आशीर्वाद उरले नाहीत.

तात्या


पुणे
२४ जून २०२३

ती. तात्या,

नमस्कार करते, कारण तो करायची सवय आईने लावलीय. तुमची लायकी हा वेगळा विषय.

लेख तुम्ही अर्धाच वाचलात हे कळतंय. 'घाईघाईने' म्हणजे काही हजार वर्षं, तात्या. लाखो वर्षांच्या खडकात तो थर बोटभर जाडीचासुद्धा भरत नाही, म्हणून उडी म्हणायचं. खडकांत दिसतं ते असंच: जात लाखो वर्षं तशीच राहते, मग थोडक्या काळात बदलते, मग पुन्हा ढिम्म. तुमची केसाकेसाने चढणारी रेघ खडकांत शोधून शोधून लोक म्हातारे झाले. सापडली नाही की म्हणायचं, मधली पानं हरवलीत.

आणि लूमचं उदाहरण मला देऊ नका. तुमचीच भिवंडी बघा. पिढ्यान् पिढ्या हातमाग होते, काडीचा फरक नव्हता. मग पॉवरलूम आले आणि बघता बघता गावाचा चेहरा बदलला. आता पुन्हा वर्षानुवर्षं तेच लूम, तोच खडखडाट. याला काय मुंगीचं पाऊल म्हणता? तुमचा सिद्धांत म्हणजे सरकारी पगारवाढ आहे. काम करा न करा, दर जुलैला थोडी मिळते.

आता कामाचं. मी इथे कंत्राटावर आहे हे तुम्हाला माहीत आहे. मला कायम करायचं की नारळ द्यायचा, ते मार्चमध्ये ठरणार. त्याआधी एक दमदार निबंध छापून आला नाही तर नारळच. एकाच जागचे अडतीस वर्षांचे शंख, म्हणजे गोगलगायींच्या अडतीस पिढ्या तरी, असा संग्रह फार कुणाकडे नसेल. बरण्या पाठवा. मी सगळे पुन्हा मोजते. तुमची रेघ खरी निघाली तर तसं छापीन, दात ओठ खात का होईना.

यामिनी


टेमघर
९ जुलै २०२३

चि. यामिनी,

पुण्याला कापडाचे तागे नेणाऱ्या टेम्पोत दोन खोके चढवले आहेत. अडतीस बरण्या, प्रत्येकीवर साल लिहिलंय. तुझ्या काकूच्या लोणच्याच्या बरण्या आहेत त्या. तिचं म्हणणं असं, की या घरात विज्ञानाने लोणच्याचं तेवढं नुकसान केलं, दुसरं काही केलं नाही. तेव्हा परत पाठव.

दोन अटी. एक, शंखांना तुझ्या त्या पोरकट विद्यार्थ्यांचा हात लागता कामा नये. दोन, निबंधावर माझं नाव तुझ्या नावाशेजारी पाहिजे. तुझ्याखाली असलं तरी चालेल, मी काही मानाचा भुकेला नाही.

मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. शाळेने निरोप दिला तेव्हा शाल, नारळ आणि चिनी मातीचा गणपती दिला. माझ्या हातून झालेलं खरं काम या बरण्यांत आहे, बाकी सगळी हजेरी. हे काकूलाही कधी बोललो नाही. तू वाचून विसरून जा.

तात्या


पुणे
२० नोव्हेंबर २०२३

ती. तात्या,

बसून वाचा. काकूला पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला सांगा.

तीन हजार आठशे शंख मोजले, मी एकटीने. १९८६ ते २०१४ तुमची रेघ खरी आहे. दर वर्षी केसाएवढी वर, तंतोतंत. मी मनात म्हटलं, म्हातारा जिंकला, आता आयुष्यभर ऐकवणार.

मग २०१५ ची बरणी उघडली. तात्या, शंख वेगळेच! जाड, रुंद, तोंड पसरट. काही बारके, काही मोठे, एक तर माझ्या अंगठ्याच्या पेराएवढा. आणि तिथून पुढे नऊच्या नऊ बरण्यांत तेच. एका चैत्रातून दुसऱ्या चैत्रात सगळं पालटलं. याला उडी नाही तर काय लंगडी म्हणायचं? नऊ वर्षं हा पुरावा तुमच्या कपाटात पडून होता आणि तुम्ही झाकण उघडलं नाहीत. 'वेगळं काय सांगणार' म्हणे! डोळे मिटून चालणाऱ्याला सगळंच सावकाश वाटतं.

निबंध स्वीकारलाय, मार्चअखेरच्या अंकात येईल. आमच्या प्रमुखांनी पहिल्यांदाच मला नावाने हाक मारली.

तुमचं नाव शेवटी 'आभार' मध्ये आहे. वर घालता आलं नाही, कारण वरच्या माणसाला निबंधातलं म्हणणं मान्य असावं लागतं. तुम्हाला ते मान्य होईल तेव्हा लूममधून हातभर कापड उडी मारून बाहेर पडेल.

बरण्या धुऊन पाठवते.

यामिनी


टेमघर
१६ जानेवारी २०२४

चि. यामिनी,

'आभार'! लग्नात पातेली वापरायला दिली की मानतात, तसे.

दोन महिने उत्तर नाही म्हणजे म्हातारा हाय खाऊन बसला, असं वाटलं असेल तुला. म्हातारा एसटीत बसला होता. जूनमध्ये तुझी उडी हजारो वर्षांची होती, नोव्हेंबरात ती एका वर्षाची झाली. नोकरी जवळ आली की उडी आखूड होते का गं? मला पटेना. म्हणून वज्रेश्वरीला गेलो.

आता नीट ऐक. शंख उचलायचं काम देवूचं. ओढ्यावरच्या पाड्यात राहायचा. मी वर दगडावर छत्री घेऊन बसायचो आणि तो खाली चिखलात वाकायचा. वाकणं हे काही विज्ञान नव्हे, त्यामुळे ते तुला सांगायची गरज वाटली नाही. अक्षरशत्रू माणूस, पण हाताला वळण होतं. २०१४ च्या पावसाळ्यात तो गेला. तेव्हापासून त्याची सून दिपिका शंख गोळा करून कंडक्टरकडे पिशवी देते आणि मी भिवंडी स्टँडवर घेतो.

मी दिपिकाला विचारलं, बाई, शंख कुठून उचलतेस?

म्हणाली, "पुलाखालून. कुंडाकडं कोन जाल? कामाला जाते त्या वाटेवरच हाय ना पूल."

पुलाखालून! गरम पाण्यापासून अर्धा मैल खाली, गार डोहातून. तिथे गोगलगायीची जातच निराळी आहे, आठवीतलं पोर सांगेल. म्हणजे तुझी ती जगप्रसिद्ध उडी किती, तर अर्धा मैल. आणि ती गोगलगायींनी मारली नाही. दिपिकाने मारली, चालत, डोक्यावर पाटी घेऊन.

शंख कुणी उचलले, कुठून उचलले, हे एकदाही विचारलं नाहीस. एवढी शिकलीस आणि एवढी अक्कल नाही. निबंध मागे घे. पंधरा दिवस देतो, नाहीतर संपादकांना मीच लिहितो. एकोणतीस वर्षांची माझी रेघ तशीच्या तशी उभी आहे, हेही त्यांना कळू दे.

या खेपेला आशीर्वाद भरपूर.

तात्या


पुणे
११ फेब्रुवारी २०२४

तात्या,

पंधरा दिवस उलटले. तुम्ही संपादकांना लिहिलं नसावं, नाहीतर मला कळलं असतं. बरं केलंत. आधी हे वाचा.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी खूप रडले. दुसऱ्या दिवशी डोकं थंड झालं आणि एक गोष्ट खटकली. माझी उडी मोडायला तुम्ही दिपिकाला विचारलंत. तुमच्या रेघेबद्दल कुणाला विचारलंत? कुणालाच नाही. आवडत्या उत्तराची उलटतपासणी कोण करतं? म्हणून मी गेले. देवूची बायको बुधी घरीच होती. चुलीजवळ बसवलं, चहा दिला आणि जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं.

"पयल्या साली ह्यानं हाताला येल ते आनलं. मास्तर वरडला. बोलला, ही काय घान आनली, एक बारका, एक मोटा! लोकांसमोर समदे फेकून दिलं. हा घरी येऊन जेवला न्हाय. मंग करवंटीला भोक पाडलं. भोकातून जो दाटून जाल तो घ्यायचा, बाकीचा सोडायचा. परत नेऊन दिलं तवा मास्तर खूश. दुसऱ्या साली भोक जरा मोटं झालं व्हतं. मास्तर बोलला, वा देवू, एकसारखे हायेत, आनि जरा मोटे पन हायेत! मंग हा दर साली इळ्यानं भोक खरवडायचा, इलुसा, जरासाच. मास्तरला मोटे आवडतात ना, बाय."

करवंटी अजून त्यांच्या फळीवर आहे. मी भोक मोजलं. २०१४ च्या बरणीतली सरासरी आणि त्या भोकाचा व्यास, दशांशापर्यंत एकच.

घ्या तुमची मुंगीची पावलं! तुम्ही निसर्गाची चाल मोजत नव्हता, देवूचा विळा मोजत होता. वर्षाला एक खरवड. एकोणतीस वर्षं दगडावर बसून तुम्ही एका माणसाला तुमच्या आवडीचे शंख आणायला शिकवलंत, आणि ते बघून म्हणालात, पाहा, निसर्ग माझ्याच मताचा निघाला! माझी फजिती नऊ बरण्यांची आहे. तुमची एकोणतीस.

आता व्यवहाराचं बोलू. निबंध मागे घेतला तर कारण द्यावं लागेल. पूल सांगितला की लोक आधीचे शंखही तपासतील आणि करवंटी बाहेर येईल. तुमचं आयुष्यभराचं काम आणि माझी नोकरी, दोन्ही त्या एकाच भोकातून जातील. तेव्हा तुम्ही गप्प बसा, मीही गप्प बसते. बुधीला विचारायला कोण जाणार आहे?

यामिनी


टेमघर
२ मार्च २०२४

चि. यामिनी,

तुझं पत्र मी लपवून ठेवलं होतं. काकूने शोधून वाचलं. मला म्हणाली, "त्या माणसाला तुम्ही उपाशी झोपवलंत." शंखांबद्दल एक शब्द नाही.

बुधी खोटं बोलत असेल, असं म्हणून बघितलं. जमलं नाही, कारण मला आठवतंय. कुंडापाशी पायऱ्या आहेत, तिथे यात्रेच्या गर्दीत मी ती पिशवी उलटी केली होती. शंख पायऱ्यांवरून खाली घरंगळत गेले. ते शंख मला अजून दिसतात. देवूचा चेहरा काही केल्या आठवत नाही. त्या पिशवीत जे होतं तेच खरं होतं, यामिनी. बारके, मोठे, फुटके, सगळे. आयुष्यभर फळ्यावर 'निसर्गाची निवड' लिहिलं मी, आणि ओढ्याकाठी निवड करणारा मीच निघालो. मास्तर कसला, गाढव आहे मी. हे तू लिहायला हवं होतंस, सभ्यपणा केलास.

पण तूही काही कमी नाहीस. 'बुधीला विचारायला कोण जाणार आहे?' हे वाक्य तू लिहिलंस! मी देवूला माणसांत धरला नाही, तू बुधीला धरली नाहीस. घराणं शोभलं.

मोह झाला, हे कबूल करतो. गप्प बसलो असतो तर बरण्या बरण्याच राहिल्या असत्या आणि मी मेल्यावर कुणीतरी म्हणालं असतं, चिकाटीचा माणूस. आठवडाभर तसं म्हणणारे लोक डोळ्यांसमोर आणून बघितले. मग संपादकांना पत्र लिहिलं. पूल, करवंटी, पायऱ्या, सगळं. काल रजिस्टरने टाकलं, नक्कल सोबत आहे. तुझी नोकरी जाईल हे माहीत असून टाकलं. मला शिव्या दे, ऐकून घेईन. तुझ्या बापाला मी तोंड कसं दाखवणार, ते माझं मी बघीन.

परवा काकूला घेऊन पाड्यावर गेलो. बुधीपुढे हात जोडले. ती म्हणाली, "आता काय त्याचं, मास्तर. तू पानी पी." दिपिकाला म्हटलं, यंदा कुंडाजवळचे शंख आण, हाताला येतील ते, कसलेही, निवडायचे नाहीत. ती बरं म्हणाली. चपला घालून मी अंगणात उतरलो तेव्हा मागून हाक आली.

"मास्तर, पन केवढे आनू?"

पुन्हा समजावलं. तिने मान हलवली. तिला पटलेलं नाही, माझ्या तोंडाकडे बघत होती.

तात्या


पुणे
६ एप्रिल २०२४

तात्या,

निबंध अंकातून काढला. एकतीस मार्चला मलाही काढलं. प्रमुख पुन्हा मला 'मॅडम' म्हणाले, आणि टेबल रिकामं करायला मदत करू का, असंही विचारलं. बाबांना सांगितलंय. ते तुमच्याशी बोलणार नाहीत म्हणतात. मीही बोलणार नव्हते.

रोज सकाळी उठून तुम्हाला एक पत्र लिहायचे आणि फाडायचे. त्यात तुमच्या वाट्याला आलेले शब्द काकूने वाचण्यासारखे नव्हते. दहा-बारा पत्रांनंतर लक्षात आलं की तुम्ही चुकलात असं मला कुठेच लिहिता येत नाहीये. त्याचा जास्त राग आला. अजून आहे.

पाडव्यानंतर मी वज्रेश्वरीला येतेय. बुधीशी बोलणं झालंय, महिनाभर तिच्याकडेच राहीन. काम असं: कुंडाजवळच्या ओढ्यात दोरीची चौकट टाकायची, आणि चौकटीच्या आत जे जे असेल ते सगळं उचलायचं. फुटकं, बारकं, जे असेल ते. तशीच एक चौकट पुलाखाली. वाकणार मी आणि दिपिका. वहीवर नावं आमच्या दोघींची असतील, आणि आधी तिचं. गोगलगायी सावकाश बदलतात की उड्या मारतात, हे एका वहीने कळणार नाही. अशा तीस-चाळीस वह्या लागतील. तोवर तुम्ही नसाल, म्हणजे निदान शांतपणे वाचता येईल.

नोकरी दुसरी बघेन. त्याबद्दल काकूमार्फत हळहळ पाठवू नका.

यायचं असेल तर या, एसटी आहेच. काठावर बसा. दिपिका पाण्यातून काहीही वर काढो, तुम्ही खूश व्हायचं नाही. तोंड वाकडं करायचं नाही, भुवई उचलायची नाही. ती तुमच्याकडेच बघत असणार. तिने हातातला शंख पुन्हा पाण्यात टाकला, तर मी तुम्हाला पहिल्या एसटीने परत पाठवीन.

यामिनी